एका विहिरीला दोन तारा

सन १९८७, दिवाळीनंतरचा आठवडा. ठिकाण सौंसर, संस्थेचे कार्यालय. मंजूर रक्कम अठ्ठेचाळीस हजार रुपये. हजर: अध्यक्ष, मॅनेजर कोल्हे, लाइनमनांच्या वतीने सुखदेव, आणि मी. या रकमेतून एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि खोली थंड ठेवायचे एक यंत्र घ्यायचे ठरले. थंड हवा माणसांसाठी नव्हती, कंप्युटरसाठी होती. पण तो चालवायला कोणीतरी बसणार होते, आणि बिलांच्या टेबलावरचा मी नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स करून आलो होतो.

आमची संस्था गावोगावच्या शेतपंपांना वीज पुरवणारी सहकारी संस्था होती. नाव देत नाही. आता ती राहिलेलीही नाही. ठराव लिहून झाला आणि कोल्हे साहेब कागद अध्यक्षांपुढे सरकवत होते, तेवढ्यात सुखदेव म्हणाला, "एक गोष्ट राह्यली."

"काय राहिलं?"

"आतापर्यंत लाइन बंद हाये, असं आम्ही म्हणत होतो. हातही आम्हीच लावत होतो. आता हा डब्बा म्हणणार. डब्ब्याले हात हायेत का?"

अध्यक्ष हसले. "नाहीत बुवा."

"मंग डब्ब्याले ज्यानं शिकवलं, त्याचा हात."

हे समजायला संस्थेचा एक जुना रिवाज माहीत हवा. पूर्वी कधी एकाने "बंद" म्हटले आणि दुसरा खांबावर चढून मेला. तेव्हापासून नियम झाला की, लाइन बंद आहे असे जो सांगेल, त्यानेच तारेला पहिला हात लावायचा. तोही उलटा हात. तळहाताने तार धरली आणि तिच्यात वीज असली तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. उलट्या हाताला निदान झटका बसून मागे फेकले जाण्याची आशा असते. अकरा हजार व्होल्टला ही आशाही फारशी नसते, पण रिवाज तसाच चालू होता.

कोल्हे साहेबांनी ठरावात एक ओळ वाढवली: कागदावर ज्याच्या सहीने 'बंद' असे येईल, त्याने प्रथम हात लावावा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बत्तीस वर्षांचा होतो, पांढुर्ण्याला भाड्याचे घर, दोन मुली. मी मान डोलावली. त्या क्षणापासून जी भीती बसली, ती नोकरी सुटेपर्यंत गेली नाही.

काम काय होते, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. उपकेंद्रातून मोठ्या तारा निघतात, त्यांना फिडर म्हणायचे. फिडरवर जागोजागी खांबांवर ट्रान्स्फॉर्मर, त्याला आमच्याकडे सगळे डीपी म्हणतात. डीपी अकरा हजाराचे चारशे व्होल्ट करतो. डीपीपासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत शेतकऱ्याची तार. म्हणजे फिडरच्या पोटात डीपी, डीपीच्या पोटात विहिरी. कुठे तार तुटली, तर तिथून वर वर जात पाहायचे, कोणता स्विच उघडला की ती जागा मेली. हे सगळे तोवर लाइनमनांच्या डोक्यात होते. गोटमारीच्या, म्हणजे पोळ्यानंतर पांढुर्ण्यात होणाऱ्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी निम्मी डोकी पट्ट्यांत बांधलेली असत, तेव्हा कोल्हे साहेबांना हे सगळे कागदावर आणायची घाई का झाली, हे मला समजत होते.

लाइनमनांनी शिवार फिरून पाने लिहून आणली. मी ती कंप्युटरवर साध्या मजकुरासारखी ओळीने उतरवली, रोमन अक्षरांत, कारण त्याला दुसरी येत नव्हती. फिडरच्या ओळीआधी एक टिंब, डीपीच्या आधी दोन, विहिरीच्या आधी तीन. विहिरीच्या नावाच्या जागी तिचा खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर. यंत्राला सगळ्या ओळी सारख्याच, एकाखाली एक पडलेल्या. त्यातून कोण कोणाच्या पोटात आहे, हे त्याच्याकडून काढून घ्यायचे होते. युक्ती सोपी होती. ओळ वाचायची, टिंबे मोजायची. तीन टिंबांची ओळ आली की, शेवटची दोन टिंबांची जी दिसली होती, ती तिची आई. मग प्रत्येक नावापुढे आईचा क्रमांक लिहून ठेवायचा. एका नावाला एक क्रमांक. दीडशे ओळींचा प्रोग्राम झाला, बेसिक भाषेत.

पहिल्यांदा चालवला आणि कागदावर झाड उमटले तेव्हा मला आनंद झाला, हे खरे आहे. पण त्यात एक खोड होती. लाइनमन पान उलटले की नव्या पानाच्या माथ्यावर मागचा फिडर, मागचा डीपी, कधी मागची विहीरसुद्धा पुन्हा लिहीत. आपण दप्तरात "मागील पानावरून" लिहितो ना, तसे. यंत्राला ते नवे वाटे आणि एकच विहीर दोनदा उगवे. यंत्र दरवेळी थांबून विचारी: हे नाव आधी आले आहे, काय करू? दिवसातून पन्नास वेळा विचारी. कंटाळून मी त्यात एक नियम घातला. नाव आधी आलेले असेल, तर जुना आईचा क्रमांक पुसून नवा लिही, आणि विचारू नको. त्यानंतर ते थांबले नाही. काम भराभर झाले. कोल्हे साहेबांनी पाठ थोपटली.

झाड मी लांब कागदावर छापून भिंतीला लावले. गावागावातून लोक बघायला येऊ लागले. बाजाराच्या दिवशी तर रांग लागे. "माही मोटर दाखवा" म्हणायचे. मी बोट ठेवून दाखवले की, काहीजण तिथे हात जोडायचे.

एकदा बोरगावच्या शिवारातले गुलाबराव आले. पासष्टीचे, पांढरी टोपी, संत्र्याचा बगीचा. सोबत कोणी नाही. झाडापुढे बराच वेळ उभे राहिले.

"बाबूजी, हे काय करून ठेवलं?"

"काय झालं, काकाजी?"

"माह्या डीपीखाली माही विहीर नाही. विहीर मारोतीच्या डीपीखाली हाये."

मारोती त्यांचा धाकटा भाऊ. मी पाहिले, खरेच तसे होते. "विहीर मारोतराव वापरतात ना?"

"सामाईक हाये. बापानं खोदली. वावरं वाटली, विहीर नाही वाटली. माह्याही डीपीवरून तार येते तिच्यावर."

"असेल. पण काकाजी, ही काही वंशावळ नाही. कोणाच्या खाली नाव आलं म्हणून मालकी बदलत नाही."

"मंग झाडासारखी काऊन काढली?"

ते पुढे म्हणाले, "मी मोठा हाये. मोठ्याचं डावलून लहान्याचं लिवता, अन् सांगता मालकी बदलत नाही. उद्या पटवारी हाच कागद पाहीन."

दोन भावांतला मानपान, असे मी धरले. चहा मागवला, "लिहितो" म्हणालो. गुलाबराव चहा न पिता गेले. मी काहीच लिहिले नाही. ते काय सांगून राहिले होते, हे माझ्या कानावर पडले, आत गेले नाही.

एव्हाना हात लावायचे प्रसंग सुरू झाले होते. पहिला जामसांवलीच्या रस्त्याला, आडवी पडलेली एक तार. सही माझी. सुखदेव बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "लावा बाबूजी." मी लावला. थंडगार धातू, बाकी काही नाही. तेवढ्यासाठी माझा सदरा पाठीला चिकटला होता. सुखदेव खांबावर चढून काम करून उतरला. उतरून म्हणाला, "पाह्यलं? काहीच नसते." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तरी त्यानंतर प्रत्येक वेळी मला वाटे, मागच्या खेपेला काही झाले नाही, याचा या खेपेशी काय संबंध?

घरी मला एक सवय लागली. दाराची कडी, नळ, पाण्याची बादली, काहीही धरायच्या आधी मी उलटा हात टेकवून पाहू लागलो. बायकोच्या लक्षात आले.

"अहो, तुम्ही तर बिलं करत होते ना? मग हे तारेचं काऊन लावून घेतलं मागे?"

"पगारात साठ रुपये वाढले."

"साठ रुपयांत मुलीच्या गालालेही उलट्या हातानं पाहून राहिले तुम्ही."

मला ते आठवत नव्हते. पण ती खोटे बोलत नाही.

आता १९८८ च्या वैशाखातला प्रसंग. संध्याकाळी वावटळ आली, मागून गारा. सकाळी मी पांढुर्ण्याहून पहिल्या बसने पोचलो, तोवर तीन ठिकाणचे खांब पडल्याचे निरोप येऊन पडले होते. तुटलेली तार जमिनीशी जोडून तिच्यातली वीज उतरवायच्या साखळ्या असतात, अर्थिंगच्या. संस्थेकडे दोन होत्या. दोन्ही दोन टोळ्या घेऊन गेल्या होत्या. उरले बोरगावचे शिवार, आणि उरलो मी आणि सुखदेव.

"चेन आली की पाठवतो," कोल्हे साहेब म्हणाले. "तोवर जाऊन सुरू तर करा. फळं लिंबाएवढी झाली आहेत, पाणी नाही मिळालं तर गळतील. लोक ओरडून राहिले."

मी यंत्राला जागा सांगितली. त्याने कागद दिला: उघडायचा स्विच, बोरगाव दोन. बाकी काही नाही. मी सही केली.

बोरगावला फिडर दोन होते. एकाला दिवसा वीज, दुसऱ्याला रात्री, मग आठवड्याने उलट. त्या आठवड्यात एक नंबर दिवसा चालू होता. संस्थेच्या जीपने आम्ही निघालो. दोन नंबरचा स्विच वाटेत, रस्त्यालगतच्या खांबावर. सुखदेवने तो माझ्यादेखत उघडला, कुलूप लावले, चावी माझ्या हातात दिली. मी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

खांब एका बांधावर आडवा पडला होता, मुळापासून. तिन्ही तारा तुटलेल्या. त्यांची अलीकडची टोके, म्हणजे स्विचकडून आलेली, रस्त्याच्या बाजूला लोळत होती. पलीकडची टोके संत्र्याच्या झाडांखाली, वाळल्या गवतात. तिथून पुढे मारोतरावांच्या डीपीपर्यंतचे खांब उभे होते. तीस-चाळीस माणसे जमली होती.

सुखदेवने दुपट्टा डोक्याला गुंडाळला. "लावा बाबूजी."

मी अलीकडच्या टोकाशी उकिडवा बसलो. हात उलटा केला आणि पुढे नेला. वीतभर अंतरावर तो थांबला. कागद बरोबर होता. स्विच माझ्या डोळ्यांदेखत उघडला होता. चावी खिशात टोचत होती. हात जाईना. मी डोळे मिटले, पुन्हा नेला. पुन्हा थांबला. माझ्या बोटांना मी सांगतो ते ऐकू येत नव्हते.

मागून कोणीतरी म्हणाले, "कंप्युटर भेऊन राह्यला रे!"

"त्याले थंड हवा लागते ना बाप्पा. उन्हात नाही चालत."

लोक हसले. मी उठलो. "सुखदेवभाऊ, मी पुढचा डीपी पाहून येतो."

"काऊन?"

"पाहून येतो."

"हात लावून जा ना मग."

"आलोच."

येथे एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोकांनी ती वेगळी सांगितली. मला कसलाही संशय आला नव्हता. डीपीवर काय पाहायचे, हेही माझ्या मनात नव्हते. मला फक्त तिथून दूर जायचे होते, जिथे कोणी माझ्या हाताकडे पाहणार नाही अशा ठिकाणी.

झाडांतून चालत गेलो. दोन-अडीच फर्लांग असेल. वाटेत पाटातून पाणी चालले होते, माझी चप्पल भिजली. बरे वाटले. आणखी पुढे विहीर, पत्र्याची खोपी, मोटरीचा आवाज. एक बाई फावड्याने पाणी या आळ्यातून त्या आळ्यात वळवत होत्या. मारोतरावांची बायको, यमुनाबाई. मी काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "लाइट आहे वाटतं?"

"हाव, सकाळपासून हाये."

"कोणत्या लाइनची?"

"थे मले काय माहीत! जेठजीकडली असन. आमच्याकडली तं कालच गेली, खांब पडला ना."

जेठजी म्हणजे थोरले दीर, गुलाबराव. मी म्हणालो, "पण मोटर तर एकच दिसते."

"एकच हाये, दोघांची. इकडली असली तं इकडली, तिकडली असली तं तिकडली. यायनं दोन्ही तारा एकातच जोडून देल्ल्या. घडी घडी कोण बदलवन?"

मी खोपीत गेलो. भिंतीवर स्टार्टर. त्याच्या वरच्या तीन स्क्रूंमध्ये दोन बाजूंनी दोन केबली आल्या होत्या आणि एकमेकींवर आवळल्या होत्या.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांनी पाण्याची कल्पना करू नये. पाणी खाली जाते. वीज वाट असेल तिकडे जाते. गुलाबरावांच्या तारेने आलेली वीज मोटर तर फिरवत होतीच, पण त्याच स्क्रूंतून मारोतरावांच्या तारेत शिरून उलटी वर त्यांच्या डीपीपर्यंत जात होती. आणि डीपी दोन्ही बाजूंनी चालतो. वरून अकरा हजार घातले तर खाली चारशे देतो. खालून चारशे घातले तर वर अकरा हजार देतो. त्या डीपीच्या वर ज्या तारा होत्या, त्यांचीच पलीकडची टोके गवतात पडली होती. आम्ही कुलूप लावलेला स्विच त्यांच्या वाटेत कुठेच नव्हता.

"मोटर बंद करा!"

यमुनाबाईंनी लाल बटण दाबले. मोटर थांबली. पण ते स्क्रू बटणाच्या आधी होते. बटणाने फक्त मोटर थांबते.

"फ्यूज काढा, फ्यूज!"

"मी नाही हात लावत बाप्पा त्याले. थेच काढतात."

"ते कुठं आहेत?"

"खांब पाहाले गेले."

भिंतीवर सहा फ्यूज होते. कोणते तीन कोणाचे, हे लिहिलेले नव्हते. सहाच्या सहा काढता आले असते. हे मला नंतर, जेवताना, सुचले. त्या वेळी मी पळालो.

मी पळणारा माणूस नाही. ओल्या चपला, नांगरलेली जमीन, डोक्यावर ऊन. झाडांमधून माणसे दिसायला लागली आणि मग सुखदेव दिसला. माझी वाट पाहून तो कंटाळला होता. रिवाज मोडून त्याने अलीकडच्या टोकाला स्वतःच हात लावला होता. ते टोक मेलेलेच होते. कागद तेवढ्यापुरता खरा होता. ते टोक खांद्यावर घेऊन तो पलीकडच्या टोकांकडे ओढत निघाला होता, मधे किती तार कमी पडते ते पाहायला. लोक त्याच्यामागे. गवतातल्या टोकांपासून तो आठ-दहा पावलांवर असेल. एका टोकाला हात लावून काही झाले नाही, म्हणजे दुसऱ्याला उलटा हात लावायचीही गरज त्याला वाटली नसती. सरळ उचलले असते.

मी ओरडलो. आवाज निघाला नाही. छातीत हवाच नव्हती. पुन्हा प्रयत्न केला, नुसती शिट्टीसारखी फुंकर आली. सुखदेव वाकायला लागला होता. मी पायातली चप्पल काढली आणि फेकली.

आयुष्यात माझा नेम कधी लागलेला नाही. ती ओली चप्पल त्याच्या पाठीवर मधोमध बसली.

तो ताठ झाला. वळला.

"का बे!" तो म्हणाला. त्याच्या तोंडचे 'बाबूजी' गेले, 'तुम्ही' गेले. "चप्पल मारतं? मले चप्पल मारतं?"

खांद्यावरची तार टाकून तो माझ्याकडे आला. मला तेवढेच हवे होते. त्याने माझी गचांडी धरली. मी त्याच्या हातात लोंबकळत एकच शब्द म्हणत होतो, "विहीर. विहीर."

त्याला काही समजले नाही. पण गर्दीत एक माणूस मटकन खाली बसला. मारोतराव.

"सुखदेवभाऊ," त्यांनी कसेबसे म्हटले, "थ्या टोकाले जाऊ नोको. माह्या विहिरीवरून लाइट येऊन राह्यली त्यात. जिती हाये थे."

सुखदेवने माझी गचांडी सोडली नाही, पण मान वळवून गवताकडे पाहिले. मग सोडली. जीपमधून उरलेल्या तारेचा एक लांब तुकडा आणला, एक टोक लोखंडी पहारीला बांधून पहार जमिनीत ठोकली, सगळ्यांना मागे हटवले आणि दुसरे टोक लांबून गवतात फेकले.

जो आवाज झाला आणि जो निळा प्रकाश पडला, त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. दिवसाढवळ्या झाडांच्या सावल्या क्षणभर दुसऱ्या बाजूला पडल्या. गवत पेटले. मग कुठेतरी फ्यूज उडाला असावा, सगळे शांत झाले. माझी थट्टा करणारे दोघे रस्त्यापर्यंत पळत गेले होते.

परतायला आम्ही जीपमध्ये बसलो. मग सुखदेव म्हणाला, "कागद दाखवा." मी दिला. त्याने वाचला. "यात दोन स्विच काऊन नाहीत? एक नंबरची पानं मी लिवली होती. ही विहीर त्यात हाये, मले आठवते."

"दोन नंबरची पानं दुसऱ्या लाइनमननं लिहिली. त्यातही ती आहे. यंत्रानं मागचं नाव मिटवून पुढचं ठेवलं."

"मिटवताना इचारलं नाही त्यानं?"

"विचारत होतं. मीच सांगितलं, विचारू नको."

त्याने कागदाची घडी केली आणि माझ्या खिशात, चावीशेजारी, ठेवली.

त्यापुढचे तीन दिवस मी जेवणाझोपेचा वेळ सोडून तो प्रोग्राम बदलत होतो. एका विहिरीला दोन आया असू शकतात, हे त्याला शिकवले. विचारायची सवय परत लावली. सगळी पाने पुन्हा वाचली तेव्हा दोन-दोन डीपींच्या खाली असलेल्या एकवीस विहिरी निघाल्या. आमच्या भागात वाटणी होते तेव्हा वावर तुटते, विहीर तुटत नाही. कोणीही शेतकरी हे मला पहिल्या दिवशी सांगू शकला असता. एक तर चहा न पिता सांगूनही गेला होता. एकवीसही ठिकाणी सुखदेव आणि मी जाऊन केबली वेगळ्या केल्या. गुलाबरावांच्या विहिरीवर गेलो तेव्हा ते खाटेवर बसले होते. मी म्हटले, "काकाजी, तुमची विहीर आता तुमच्याही डीपीखाली आली." ते म्हणाले, "मोठ्याचं वर लिवलं का?" मी म्हटले, "हो." तेवढे मी खरेच केले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका कंपनीत मी पर्ल नावाची भाषा शिकलो. बेसिकमध्ये जे दीडशे ओळींत केले, ते तिच्यात आठ-दहा ओळींत होते. मजकूर वाचायचा, खणात खण, त्या खणात आणखी खण, हवे तितके खोल. तरुण मुले पटापट करतात. पण पर्लही तशीच आहे. एका नावाच्या खणात काही असताना त्याच नावाने दुसरे ठेवले, तर पहिले गुपचूप जाते, कुठे हूं की चूं नाही. माझ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आधी एक ओळ असते: नाव पुन्हा आले तर सगळे थांबव आणि ओरड. मुले म्हणतात, सर, यानं काम अडतं. मी म्हणतो, अडू द्या. कारण सांगत बसत नाही. सांगायला लागलो की, माझ्या नाकात जळक्या गवताचा वास येतो.

आता सभेचे सांगून संपवतो. महिन्याअखेर अध्यक्षांनी आम्हाला बोलावले. कोल्हे साहेबांनी अहवाल वाचला. त्यात शेवटी होते की, माझ्या सावधगिरीमुळे एका कर्मचाऱ्याचा जीव वाचला. अध्यक्षांनी जुने नियमांचे पुस्तक उघडले होते. त्यांनी बोट ठेवून वाचले: हात लावण्यास नकार देणाऱ्याने एक दिवसाचे वेतन त्या कामावरील लाइनमनास द्यावे.

"अहो साहेब," कोल्हे म्हणाले, "याच्या नकारानं तर माणूस वाचला. दंड कशाचा?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "नकार दिला तेव्हा तुम्हाला विहिरीचं माहीत होतं?"

"नाही."

"ज्या टोकाला हात लावायचा होता, ते जिवंत होतं?"

"नाही. मेलेलं होतं."

"मग का नाही लावला?"

"भीती वाटली."

कोल्हे साहेबांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी सुखदेवकडे पाहिले. तो भिंतीशी उभा होता.

"मंग दंड बसते," सुखदेव म्हणाला.

"आणि चप्पल मारली त्याचं काय?" कोल्हे चिडून म्हणाले. "त्याचाही काढता का नियम?"

"थे इथं नोका काढू साहेब. थे आमचं दोघांचं हाये."

माझा पगार तेव्हा सातशे दोन रुपये होता. तिसाने भागले की तेवीस रुपये चाळीस पैसे. मी खिशातून काढून टेबलावर ठेवले. सुखदेवने ते उचलले, मोजले, सदऱ्याच्या आत ठेवले. माझ्याजवळून जाताना थांबला.

"असेच भेत जा, बाबूजी," तो म्हणाला.

मग पावतीवर त्याने सही केली: रुपये तेवीस, पैसे चाळीस, हात न लावल्याबद्दल, मिळाले.